लाल माठाचा वाफा

॥ श्री ॥

नवीन पनवेल,
ता. ३० सप्टेंबर १९९०

ती. सौ. आशाताईस,
भरतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहितोय, तेव्हा तू दिलेल्या शिव्या आधीच पोचल्या असं समज. आईला परवा दवाखान्यातून घरी आणलं. कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले, पण अंगावर काही राहिलेलं नाही. वजन चौतीस किलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की औषधाचं काम संपलं, आता ह्यांनी खाल्लं तर उभ्या राहतील, नाहीतर फार दिवस काढणार नाहीत. मी मान हलवली आणि बाहेर येऊन उगाच नळाखाली तोंड धुतलं.

तीन महिने मासळी बंद, तेल बंद. पालेभाजी रोज द्या म्हणतात. आता जिने जन्मभर भाताबरोबर मासळीच बघितली, तिला भाजी म्हणजे शिक्षाच. माधुरीने तीनदा बाजारातून माठ-पालक आणून केला. आईने वास घेतला आणि ताट सरकवलं. म्हणते, ही गटारावरची भाजी हाय, मी नाय खायची. पेज दोन चमचे घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. चार वर्षांपूर्वी शेव्याचं घर बंदरात गेलं आणि त्यामागोमाग बाबा गेले, तेव्हापासून तिला कशाची चवच नाही, आणि आता तर बळही नाही.

पण काल संध्याकाळी आपण होऊन बोलली. शेव्याच्या घरी न्हाणीच्या पाण्यावर लाल माठ यायचा, तसा दारातला असता तर दोन घास खाल्ले असते, म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने काही मागितलं, ताई.

तेव्हा ठरवलं की लावायचाच. स्वयंपाकघरामागे दहा फूट लांब, चार फूट रुंद पट्टी आहे, तिथे सध्या माधुरीची धुणं वाळत घालायची दोरी आहे. अडचण एवढीच, की मी आयुष्यात कुदळ धरलेली नाही. बाबांच्या हातात वल्हं होतं, माझ्या हातात पेन आलं, गोदामात दिवसभर कंटेनर मोजतो. पगारही सध्या अर्धाच हाती पडतोय, त्यामुळे नर्सरीतून माती नि कुंड्या आणणं जमणार नाही. कमीत कमी खर्चात कसं करायचं ते लहान मुलाला सांगावं तसं लिही. तुझ्या शेतातली भाजी मागत नाहीये. का, ते तुला ठाऊक आहे.

भावोजींना नमस्कार. रागव, पण पत्र लिही.

तुझा,
भरत

आपटा,
ता. ५ ऑक्टोबर १९९०

चि. भरत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिव्या पुढच्या पत्रात. आधी काम.

तुमच्याकडे भरावाचा मुरूम असणार, त्यात काही उगवत नाही. वीतभर खण, दगड वेच. म्हशींच्या गोठ्यावर जा, जुनं कुजलेलं शेण मागितलं की फुकट देतात, ताजं आणू नकोस. चुलीची राख शेजारी कुणाकडे असेल तर ती घे. झाडाखालचा कुजलेला पाला गोणीत भरून आण. हे सगळं मिसळलं की झाली माती, पैसा लागत नाही. माठाचं बी मोहरीहून बारीक असतं, ते राखेत कालवून भुरभुरव, वर बोटाच्या पेराएवढीही माती घालू नकोस. माधुरीच्या डब्यातल्या मेथ्या चालतात. धणे चपलेने रगडून दोन फाके कर नि पेर. डालड्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाड, झारी झाली. चिमण्या बी टिपतात, बाबांचं जुनं जाळं असेल तर वरून ताण. महिन्याभरात माठ खुडायला येतो. बी पाठवते आहे. बी म्हणजे काही जेवण नव्हे, तरी कुठून आलं ते आईला सांगू नकोस.

आता माझं ऐक. इथे माझ्या अंगणात भाजीचा ढीग पडलाय. नदीकाठचा माठ आहे, पालक आहे, वांगी आहेत. मंगळवारी नि शुक्रवारी हे पनवेलच्या बाजारात नेऊन विकतात. पनवेलची परकी माणसं माझी भाजी खातात आणि माझी आई तिथे उपाशी. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, ही रीत सगळ्यांच्यात आहे, पण इतरांच्या आया दोन-चार वर्षांनी सोडून देतात. आपली सतरा वर्षं धरून बसली. गेल्या वर्षी वालाच्या शेंगांची गोणी पाठवली, ती तिने आळीत वाटून टाकली. इथे आली की पदरात भाकर बांधून आणते, बाटलीत पाणी आणते नि पायरीवर बसून खाते. येणारा-जाणारा बघतो आणि ज्याला आठवण नव्हती त्यालाही आठवण होते की आशालताची कूस रिकामी आहे. मी तिला कधी बोलले नाही. पण मनात फार आहे, भरत.

तेव्हा तुझ्या दारात उगवू दे. तुझ्या घरचं खायला तिला कशाची आडकाठी नाही. रोज दोनदा पाणी घाल नि आळस करू नकोस.

सौ. माधुरीस आशीर्वाद. मायेत खंड पडू देऊ नका.

तुझी,
ताई

नवीन पनवेल,
ता. २९ ऑक्टोबर १९९०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

शेतकरी भरतचा नमस्कार घे! तळहाताला फोड आलेत, ते गोदामात सगळ्यांना दाखवून झाले. शेण डोक्यावरून आणलं. माधुरी म्हणाली, अंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही. आईसुद्धा हसली. खोटं सांगत नाही, खरंच हसली.

माठ चार बोटं आलाय. लाल-लाल, ओळीत नाही, जिथे बी सांडलं तिथे घोळका, पण आलाय. वरून बाबांचं जाळं ताणलंय. आई खाटेवरून रोज विचारते, किती आला. मी बोटाने दाखवतो. आशेवर पेज एक वाटी घेते आता. खुडायला आला की पहिली भाजी मी माझ्या हाताने चिरीन, म्हणते. डॉक्टर म्हणाले, हे असंच चालू द्या. मी त्यांना सांगितलं की औषध मागच्या अंगणात आहे.

भाऊबीजेला तू आली नाहीस. दिवसभर तिचे डोळे दाराकडे होते. शेतात काम होतं असं लिहिलंस, आम्ही मानलं. पण पुढच्या वेळी खरं कारण लिही.

एक गंमत तुला मुद्दाम सांगत नव्हतो, पण राहवत नाही. तू नदीकाठची झालीस, तुला आपल्याकडची युक्ती विसरायला झाली असेल. बाबा दरवर्षी माडांच्या बुंध्याशी खडेमीठ पुरायचे आणि मग माड कसे धरायचे, आठवतं? मी परवा बाजारातून दोन किलो खडेमीठ आणलं नि वाफ्यात सगळीकडे पसरून पाणी घातलं. आता बघ, माठ कसा फोफावतो. आईला बोललो नाही. एकदम ताटात बघेल तेव्हा तिला कळेल की पोरगा बापाचं काही शिकला.

बाकी क्षेम. तुझी आठवण इथे रोज निघते, तिकडेही निघत असावी.

तुझा,
भरत

आपटा,
ता. १ नोव्हेंबर १९९०

चि. भरत यास आशीर्वाद.

कार्डावरच लिहिते, पाकीट आणायला वेळ नाही. अरे वेड्या, मीठ माडाला घालतात! माड खाऱ्या वाऱ्यावर वाढलेला, त्याला चालतं. माठाला नाही. वरची माती मिठासकट खरवडून लांब टाक. मग बादल्यांनी पाणी ओत, खाली झिरपू दे, पुन्हा ओत. लगेच कर. आईला एकदा विचारलं असतंस तर तिने खाटेवरून सांगितलं असतं. काय झालं ते कळव. जीव टांगणीला आहे.

ताई

नवीन पनवेल,
ता. ८ नोव्हेंबर १९९०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड आलं तेव्हा सगळं आडवं झालं होतं. पहिल्या दिवशी पानं लोळली, मला वाटलं ऊन लागलं, म्हणून आणखी पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी देठ काळे पडले. मेथी तर दिसेनाशीच झाली. मातीवर पांढरा थर आलाय. मी तिथे बसून रडलो. माधुरी म्हणाली, आत आईंना ऐकू जाईल.

मंगळवारी सकाळी आईने विचारलं, आज तरी खुडायचा का. तिने उशीखाली सुरी मागून ठेवली होती. मला तिला सांगता येईना. हो, खुडतो, असं तोंडातून गेलं. पिशवी घेऊन बाहेर पडलो. बाजारात भावोजी बसले होते. त्यांच्यापुढे लाल माठाच्या जुड्या. मी पिशवी पुढे धरली. त्यांनी एक जुडी उचलून आत घातली आणि वर पाणी शिंपडलं.

मुळं मोडली, माती झटकली आणि मागच्या दाराने आत आणली. आईने खाटेवर बसून स्वतः चिरली. माधुरीने लसूण घालून पाण्यावर शिजवली. ताई, तिने भाकरीबरोबर सगळी वाटी संपवली. म्हणाली, ही खरी भाजी, ही आपल्या दारची. आणि मग गाढ झोपली.

आईने तुझ्या शेतातलं अन्न खाल्लं. तिला न सांगता मी तिचा नेम मोडला. बरोबर केलं की वाईट, ते तू सांग. उद्या ती पुन्हा मागणार.

माझ्यावरची माया आटवू नकोस.

भरत

आपटा,
ता. १३ नोव्हेंबर १९९०

चि. भरत यास,
अनेक आशीर्वाद.

हे घरी आले नि बाजाराचा हिशेब द्यायच्या आधी तेच सांगितलं. मी हातातलं काम टाकून परसात गेले आणि ज्या वाफ्यातली ती जुडी होती तिथे उभी राहिले. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचं काही तिच्या पोटात गेलं. मला आनंद झाला, लपवत नाही. आणि लगेच वाटलं, चोरासारखं गेलं. तिला माहीत असतं तर थुंकून टाकलं असतं.

पण ती जगायला हवी. पाप असेल तर माझ्या नावावर टाक, तुला पोर आहे. दर मंगळवार-शुक्रवार ह्यांच्याकडून घेत जा, मी जुड्या वेगळ्या बांधून ठेवीन. तू मात्र वाफा सोडू नकोस. खारी माती वीतभर काढून टाक. मी ह्यांच्याबरोबर इथली माती सिमेंटच्या पोत्यांतून थोडी थोडी पाठवते. पुन्हा पेर. तुझ्या दारातला माठ आला की हे खोटं थांबव.

भाऊबीजेचं खरं कारण विचारलंस. मी आले की ती आधी माझ्या पोटाकडे बघते, मग तोंडाकडे. दरवेळी. मला ते आता सोसत नाही.

ताई

नवीन पनवेल,
ता. २० डिसेंबर १९९०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं वजन एकेचाळीस किलो झालं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आता ती उठून बसते, आमच्या प्रांजलची वेणी घालते, माधुरीला भाकरी जाड झाली म्हणून बोलते. सोमवारी भिंत धरून मोरीपर्यंत गेली. मोरीपासून मागचं दार सहा पावलं.

बघ कसली वेळ आणलीय मी स्वतःवर. आई चालायला लागली म्हणून मुलाला भीती वाटते. ती म्हणते, आता मला एकदा माझा वाफा बघू दे. मी सांगतो, थंडी आहे, पाय घसरेल, कंपाउंडचं काम चाललंय. मागच्या दाराला मी आतून कडी घालतो. आळीतली हौसामावशी समाचाराला आली तेव्हा आई तिला सांगत होती, की माझ्या भरताने शहरात शेत केलंय, आठवड्यातनं दोनदा जुडी निघते. हौसामावशीने माझ्याकडे पाहिलं. दहा फुटांत आठवड्याला दोन जुड्या निघत नाहीत, हे तिला कळत असणार.

तुझ्या मातीत पेरलेलं उगवलंय, पण थंडीने वाढ नाही. दोन बोटंसुद्धा नाही. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी बघतो. आणखी तीन आठवडे ती घरात राहिली तर निभेल.

काय लिहू. तुमची माया आहे म्हणून दिवस निघताहेत.

भरत

नवीन पनवेल,
ता. ४ जानेवारी १९९१

ती. सौ. आशाताईंना,
माधुरीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र मी भावोजींच्या हाती देते आहे. ह्यांना लिहायचा धीर होत नाही, म्हणून मी लिहिते.

बुधवारी मी नळावर गेले होते. परत आले तर मागचं दार उघडं आणि आई वाफ्यापाशी बसलेल्या. बोटभर रोपं, बाजूला ती पोती, एका पोत्यात तुमच्याकडची माती. त्यांनी माती हातात घेऊन चोळली, वास घेतला. नदीची माती त्यांना कळली असणार. मला विचारलं, की पोरी, मी दोन महिने काय खाल्लं? मी त्यांना धरून आत आणलं. संध्याकाळी हे आले तेव्हा ह्यांनी सगळं सांगितलं. मीठसुद्धा. पायांवर डोकं ठेवलं. आई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की आशेला म्हाईत हाय ना, तिनंच दिली ना.

तेव्हापासून पेजेशिवाय काही घेतलं नाही. काल रात्रभर जाग्या होत्या. आज सकाळी म्हणाल्या, मंगळवारी मला आपट्याला जायचंय, जावयाला सांग माघारी जाताना मला न्यायला. प्रकृतीला झेपणार नाही असं आम्ही म्हटलं, पण ऐकत नाहीत. तुम्हाला काय बोलतील ठाऊक नाही. बोलल्या तर मनावर घेऊ नका. चूक आम्हा तिघांची आहे, पण त्या तुमच्याकडेच निघाल्या आहेत, म्हणून आधी कळवलं.

आमच्यावर लोभ आहे तसाच राहावा.

आपली,
माधुरी

आपटा,
ता. ९ जानेवारी १९९१

चि. भरत यास,
अनेक आशीर्वाद.

आई सुखरूप पोचली. गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. आठ दिवस राहते म्हणते. तिच्या गोळ्या पाच दिवसांच्याच आहेत, शुक्रवारी ह्यांच्याजवळ दे. तुझ्यावर तिचा राग नाही, असं तिने मला सांगायला सांगितलं. मिठाचं ऐकून तिला हसू आलं होतं म्हणे, पण तुझं तोंड बघून तिने दाबलं.

आता बाकीचं सांगते. मी काल सकाळपासून उत्तरं जुळवत होते. ती काय काय बोलेल आणि मी काय म्हणेन, सगळं. नेहमीसारखं पायरीवर गोणपाट घालून ठेवलं. ती गाडीतून उतरून आली, पायरीशी थांबली नाही. सरळ आत गेली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, आशे, काय केलंस जेवायला, वाढ. मी तिच्या पिशवीकडे बघितलं. भाकर नव्हती. पाण्याची बाटलीही नव्हती.

भात होता, वालाचं बिरडं होतं, माठ होता. वाढताना बिरडं पाटावर सांडलं. शेजारची शांती मीठ मागायला आली होती, ती दारातच उभी राहिली. आई हळूहळू जेवत होती. आमच्या विहिरीचं पाणी प्यायली.

तू चिडली नाहीस का, असं मी विचारलं. म्हणाली, चिडायचं काय, भूक लागली व्हती, खाल्ली. मग ओहोटी लागली असं सांगावं तशा आवाजात बोलली. सतरा वरसं तुज्या दारात तोंड बांधून बसले. म्हटलं, म्हातारी उपाशी माघारी जाते हे बघून देवाला कवातरी लाज वाटंल. पायरीवर खाल्लेली भाकर मला गोड लागत व्हती असं तुला वाटलं का? आता तुजी चाळिशी आली. आता नाय व्हायचं, पोरी. वाढ अजून थोडा भात.

भरत, इतकी वर्षं मी समजत होते की ती मला चारचौघांत खाली बघायला लावते. आणि मी समजत होते की मी कधीच आशा सोडली. ह्यांना सांगितलं होतं, शांतीला सांगितलं होतं, देवळातल्या बायकांना सांगितलं होतं. मी सोडली नव्हती. ती भाकर बांधून यायची तोवर कुणीतरी माझ्या वतीने वाट बघत होतं, आणि मला कळलंच नव्हतं.

तिने जेवावं म्हणून मी दोन महिने जुड्या बांधल्या. आणि काल ती माझ्यापुढे बसून जेवत होती, तेव्हा मला तिच्या पुढचं ताट ओढून घ्यावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं, की उठ, पायरीवर जाऊन बस, अजून एक वर्ष उपाशी राहा.

मी ताट ओढलं नाही. तिने मागितला तेवढा भात वाढला.

सौ. माधुरीस आणि चि. प्रांजलला आशीर्वाद. आमच्यावरची माया असू दे.

तुझी,
ताई